विहाराच्या अंगणातली बिट्टी काढा

कळव्यात पारसिक डोंगराच्या पायथ्यापासून खारेगावपर्यंत कुठल्याही वस्तीत जा, कुंपणाला दोन झुडपे हमखास दिसतील. एक कण्हेर, गुलाबी किंवा पांढरी. दुसरी पिवळ्या फुलांची बिट्टी. पाणी घातले नाही तरी जगतात, शेळी तोंड लावत नाही, बारा महिने फुलतात. म्हणून ती विहारांच्या अंगणातही आली. सकाळच्या वंदनेची फुले तिथूनच तोडली जातात आणि रविवारी संस्कार वर्गाला आलेली मुले खाली पडलेल्या बिट्ट्यांनी खेळतात.

माझे म्हणणे असे की, मुलांचा वावर आहे त्या अंगणात ही दोन्ही झुडपे नकोत.

शेळी तोंड का लावत नाही? कारण पान, फूल, बी, मूळ, चीक, सगळेच विषारी. बिट्टीच्या बीत तर विष फार. ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. हृदयविकारात डिगॉक्सिन नावाची गोळी देतात, तिच्यात औषध असते फक्त पाव मिलिग्रॅम आणि तीही डॉक्टर नाडी बघून देतात. कण्हेरीतले विष त्याच जातीचे, पण मोजमाप नसलेले. विनयपिटकातला जीवक गुरूच्या सांगण्यावरून तक्षशिलेभोवती हिंडला आणि औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही. पण तो सात वर्षे शिकलेला वैद्य होता. आपण मूळव्याधीवर, गजकर्णावर कण्हेरीचे मूळ उगाळून लावतो, ते कोणीतरी सांगितले म्हणून. कालाम सुत्त भाषणात सांगायचे आणि घरी हे करायचे, हे बरे नव्हे.

केरळात त्रावणकोर देवस्वम मंडळाने मे २०२४ मध्ये कण्हेरीचे फूल नैवेद्य-प्रसादातून बंद केले. देवळांना हे जमते, तर आपल्याला का जमू नये?

मुलाने पान चघळले किंवा बी फोडून खाल्ली असा संशय आला, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. मळमळ, उलट्या, पोटदुखी, चक्कर, मंद किंवा अनियमित नाडी ही लक्षणे. पण ती दिसेपर्यंत थांबायचे नाही. हृदयावरचा परिणाम काही तासांनीही होतो. १०८ ला फोन करा किंवा रिक्षाने सरळ कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय गाठा. पान किंवा बी सोबत न्या. तिथे ईसीजी आणि रक्तातले पोटॅशियम पाहावे लागते.

मग वंदनेला फुले कुठली? जास्वंद लावा. हे सुचवले की आपल्यातलेच काही उपासक म्हणतात, ते तर गणपतीचे फूल! फुलाला कसला आला धर्म? तरीही मनाला पटत नसेल तर पांढरी जास्वंद मिळते.

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी कापा. खालची पाने काढा, निम्मी फांदी वाळूमिश्रित मातीत खोचा, सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. नंतर पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्या. आपल्याकडे बहुतेक जागी भरावाची माती, म्हणून खड्डा हातभर खोल घेऊन शेणखत घाला. पाणी तुंबू देऊ नका. पांढरा पिठ्या ढेकूण येतोच. साबणाच्या पाण्याने धुवा, नंतर निंबोळी तेल फवारा. थंडी सरता सरता छाटणी केली की नवीन फुटीवर कळ्या येतात. आणि हो, जास्वंदीच्या चहाने रक्तदाब उतरतो म्हणून कोणी गोळी बंद करू नये.

आमच्या विहाराची बिट्टी ज्या ज्येष्ठ उपासकांनी स्वतः पाणी घालून वाढवली, त्यांना हे वाचून वाईट वाटेल, याची मला जाणीव आहे. त्यांनाच पुढे करून, वर्षावास सुरू होण्याआधी हे काम करावे. काढताना हातमोजे घाला, चीक अंगाला लागू देऊ नका. फांद्या वाळल्या तरी विष जात नाही, धूरही घातक. म्हणून त्या चुलीत किंवा शेकोटीत घालायच्या नाहीत, पालिकेच्या कचरागाडीत द्यायच्या. खाली पडलेल्या बिया मात्र मोठ्यांनीच वेचायच्या, मुलांना त्या कामाला लावू नका.