जुन्या घराची ओल

मैत्रिणींनो, गावी सासऱ्यांचं जुनं घर असलं, की “विकून टाकू या” ही भाषा कधी ना कधी निघतेच. भिंतींना ओल, पोपडे, कुबट वास! पण विकण्याआधी ओल येते कुठून ते पाहा.

माती-चुन्यातल्या भिंती जमिनीतली ओल ओढतात आणि हवेत सोडतात. वरून सिमेंटचा गिलावा केला, की ओल आतच कोंडते. म्हणून गवंडी काही म्हणो, गिलावा चुन्याचाच करून घ्या. एक भाग मुरलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू. हे काम दिवाळीनंतर काढावं, आठवडाभर पाणी मारावं. वर चुन्याचीच सफेदी, ऑइलपेंट नको. ओला चुना भाजतो. मुलांना लांब ठेवा.

वाईला आमच्या दोन खोल्यांचं असंच केलं. सासूबाईंचा हट्ट भिंतीलगत वाफे करण्याचा; पण बागेची माती जोत्यावर चढता कामा नये. दोन-तीन फूट जागा सोडून जमीन बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा. मोरीचं पाणी चरातून परसात न्या. तिथे केळ, कर्दळ, अळू छान वाढतात. तुळस, मोगरा, कढीपत्ता मात्र पाणी न साचणाऱ्या जागी.

पावसाआधी कौलं चाळून घ्यायला विसरू नका. एक पावसाळा असा काढा, भिंतीला हात लावून पाहा, आणि मगच विकायचं की राहायचं ते दोघांनी बसून ठरवा.