आंघोळीआधी नाकाशी दोस्ती



आपल्या आजोबांच्या पिढीत धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या गावी कुत्रा असायचा तो खळ्यात किंवा ओसरीवर. त्याला कुणी कंगवा केला नाही, की त्याची नखं कापली नाहीत. शेतातल्या दगडमातीवर पळून ती आपोआप झिजायची आणि पाण्यात डुंबायचं की नाही हे तो स्वतःच ठरवायचा. आता आपण पांडेसऱ्यात, उधन्यात, डिंडोलीत दोन-तीन खोल्यांच्या घरात राहतो आणि आपल्यासोबत राहतो शिह त्झू, पॉमेरेनियन, लॅब्रॅडॉर, नाहीतर गल्लीतून उचलून आणलेलं देशी पिल्लू. गुळगुळीत फरशीवर नखं झिजत नाहीत. सुरतच्या दमट हवेत लांब केसांच्या गुठळ्या होतात, पावसाळ्यात गोचीड लागतात. म्हणजे आंघोळ, केस विंचरणं, नखं आणि कान बघणं हे लाड नाहीत, ती त्याच्या तब्येतीची गरज आहे.

अडचण पुढे येते. बादली दिसली की कुत्रा पलंगाखाली. नखांचं कटर काढलं की गुरगुर. पार्लरच्या दारात पाय रोवून उभा. मग कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ बघतं आणि विचारतं, "लॅव्हेंडरचं तेल लावलं तर आमचा गप्प बसेल का?" हा प्रश्न इतक्या जणांकडून आला, की आजचं सदर त्यालाच देऊ या.

थोडक्यात उत्तर असं: योग्य वास, योग्य पद्धतीने वापरला तर मदत होते. पण वास कुत्र्याला लावायचा नसतो, त्याला घेऊ द्यायचा असतो. आणि भीतीचं कारण तसंच ठेवून नुसता वास सोडला, तर उपयोग जवळजवळ शून्य.

त्याच्या नाकाने पांडेसरा

आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, त्या २० ते ३० कोटींच्या घरात जातात. आता त्या नाकाने आपला परिसर घेऊन बघा. जीआयडीसीतल्या डाइंग-प्रिंटिंग मिलांचा रंगाचा वास, बॉयलरचा धूर, ओल्या कापडाचा दर्प, नाश्त्याच्या लारीवरचं तेल. आपल्याला सवय झाली म्हणून आपण विसरतो. कुत्र्यासाठी ही दिवसभर चालू असलेली गर्दी आहे.

त्यात तो पार्लरमध्ये शिरतो. तिथे फिनाईल, तीन प्रकारचे शाम्पू, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आधी येऊन घाबरून गेलेल्या इतर कुत्र्यांचा वास. आपल्याला खोली स्वच्छ दिसते, त्याला तिथे कोण कोण घाबरलं होतं ते कळतं. म्हणून दारातच पाय रोवणारा कुत्रा हट्टी नसतो. त्याच्यापर्यंत आपल्याआधी बातमी पोहोचलेली असते.

अभ्यास काय सांगतात

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या डेबोरा वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली निवारागृहातल्या ५५ कुत्र्यांवर चार वासांचा परिणाम तपासला. लॅव्हेंडर आणि कॅमोमाइलच्या वासात कुत्री जास्त वेळ विसावली आणि कमी भुंकली. रोझमेरी आणि पेपरमिंटने उलट झालं, हालचाल आणि भुंकणं वाढलं. पुढच्या वर्षी वेल्स यांनी गाडीत बसलं की अस्वस्थ होणारी ३२ कुत्री घेतली. गाडीत लॅव्हेंडरचा वास असताना ती जास्त वेळ बसून किंवा पडून राहिली.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, "सुगंध" म्हटलं की शांत करणाराच असतो असं नाही. पुदिन्याचा ताजेपणा आपल्याला बरा वाटतो, कुत्र्याला तो चाळवतो. दुसरी, हे प्रयोग निवारागृहात आणि गाडीत झाले, नखं कापताना नाही. नुसत्या प्रवासाच्या अस्वस्थतेत जे चाललं, ते पंजा घट्ट धरल्यावर तितकंच चालेल असं गृहीत धरू नका.

लॅव्हेंडर परदेशीच घ्यावं लागतं असंही नाही. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भदरवाहला आता त्याची शेती होते. घेताना बाटलीवर लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया हे नाव आहे का ते पाहा. नुसतं "लॅव्हेंडर फ्रॅग्रन्स" लिहिलेला रूम फ्रेशनर ही वेगळी वस्तू आहे, ती नको.

बाजारात आणखी एक गोष्ट मिळते. कुत्री व्याली की तिच्या स्तनांमधल्या भागातून पिल्लांना धीर देणारं एक रसायन स्रवतं. त्याची नक्कल करून केलेले स्प्रे आणि प्लगमध्ये लावायच्या कुप्या मिळतात. आपल्याला त्याचा वास येत नाही. काही कुत्र्यांना फरक पडतो, काहींना अजिबात नाही. महाग आहे, तेव्हा आधी पुढचं फुकटातलं करून बघा.

सगळ्यात स्वस्त सुगंध

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी १२ कुत्र्यांना एमआरआय यंत्रात जागेपणी शांत बसायला शिकवलं आणि त्यांना पाच वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या माणसाचा, अनोळखी माणसाचा, ओळखीच्या कुत्र्याचा आणि अनोळखी कुत्र्याचा. मेंदूतला सुखाच्या अपेक्षेशी जोडलेला भाग सगळ्यात जास्त जागा झाला तो ओळखीच्या माणसाच्या वासाने. तो माणूस खोलीत नसतानासुद्धा.

म्हणजे घरात घातलेला, न धुतलेला गंजी किंवा आईची जुनी ओढणी ही तुमच्या कुत्र्यासाठी कुठल्याही बाटलीपेक्षा मोलाची आहे. पार्लरला पाठवताना ती सोबत द्या. मिलमधून आल्यावर काढलेला शर्ट मात्र नको, त्यावर रंग-रसायनांचा अंश असतो.

याची दुसरी बाजूही आहे. इटलीतल्या नेपल्स इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की घाबरलेल्या माणसाच्या घामाचा वास दिला तर कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके वाढतात आणि ती तणावात येतात. तुम्हीच "आता हा चावणार" म्हणून धास्तावला असाल, तर तेही त्याला कळतं. ज्या दिवशी घरात भांडण झालं, घाई आहे, पाहुणे यायचेत, त्या दिवशी कटर हातात घेऊ नका.

घरातल्या या वस्तू दूर ठेवा

आपल्याकडे हौसेपेक्षा घरगुती उपायांनी जास्त नुकसान होतं. म्हणून ही यादी आजी-आबांनाही वाचून दाखवा.

• कापूर: देव्हाऱ्यातला असला तरी कुत्र्यासाठी विषारी. पोटात गेला तर झटके येऊ शकतात. गोचिडांवर खोबरेल तेलात कापूर घालून चोळू नका. तो अंग चाटतोच.

• डोकेदुखीचा बाम, निलगिरीचं तेल, लवंग तेल, दालचिनी तेल: अंगाला लावायचं नाही, वासही नको.

• टी ट्री ऑइल: "नैसर्गिक आहे" म्हणून लोक थेट लावतात. अमेरिकेत २००२ ते २०१२ या काळातल्या, शुद्ध टी ट्री तेलाने विषबाधा झालेल्या कुत्र्या-मांजरांच्या ४४३ केसेस एका अभ्यासात तपासल्या गेल्या. लाळ गळणं, थरथर, पायातली ताकद जाणं ही लक्षणं त्यात होती.

• डांबर गोळ्या: वासालाही नको आणि तोंडाला लागतील अशा ठेवूही नका.

• अगरबत्ती, धूप: बंद खोलीत धूर श्वासाला त्रास देतो. चपट्या नाकाच्या शिह त्झू आणि पगला तर जास्तच.

• रॉकेल किंवा पेट्रोल लावून गोचीड काढणं: कधीच नाही.

घरात मांजर किंवा पोपट असेल, तर तेलांचा डिफ्युझर लावूच नका. मांजराचं यकृत ही तेलं नीट पचवू शकत नाही आणि पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. गाभण कुत्री, लहान पिल्लं, दम्याचा किंवा फिटचा त्रास असलेला कुत्रा, यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारा.

वासाची खूण कशी बसवायची

शाळेत पावलोव्हचा कुत्रा शिकलात ना? घंटा वाजली की लाळ गळणारा. तेच तत्त्व इथे वापरायचं. वास ही गोळी नाही, ती एक खूण आहे. "हा वास आला की चांगलंच होतं" हे त्याच्या डोक्यात आधी बसवायचं आणि मग आंघोळीकडे वळायचं. घाबरलेला असताना पहिल्यांदाच वास दिला, तर उलटंच शिक्षण होतं. लॅव्हेंडर म्हणजे कटर, असं तो कायमचं शिकतो.

पहिले चार-पाच दिवस: कापसावर लॅव्हेंडरचा एकच थेंब. कापूस एका डबीत, झाकणाला भोकं पाडलेली. डबी त्याच्यापासून चार-पाच फूट लांब, खिडकी उघडी, खोलीचं दार उघडं. तो जेवून निवांत पडलेला असताना दहा मिनिटं ठेवा, हळूच अंगावरून हात फिरवा, खाऊ द्या, डबी काढून घ्या. तो उठून गेला तर जाऊ द्या, त्याच्या मागे डबी नेऊ नका. शिंका, नाक घासणं, लाळ दिसली तर हा वास त्याला मानवत नाही. मग फक्त तुमचा जुना गंजी वापरा, पद्धत तीच.

पुढचे तीन-चार दिवस: वास, खाऊ, आणि बाजूला नुसतं पडलेलं कटर किंवा कंगवा. हात लावायचा नाही.

त्यानंतर: पंजा एक क्षण हातात घ्या, सोडा, खाऊ द्या. मग कटर नखाला नुसतं टेकवा. मग एक नख कापा. हो, एका दिवशी एकच. वीस दिवसांत सगळी नखं झाली तरी चालेल, आपल्याला कुठे स्पर्धेत जायचंय?

आंघोळीला: मोरीच्या फरशीवर रबरी चटई टाका. निम्मी भीती पाय घसरण्याची असते. पाणी कोमट, तांब्या अंगाजवळ, डोक्यावर शेवटी आणि ओल्या फडक्याने. आपला शाम्पू नको, कुत्र्यांचा सौम्य वासाचा घ्या. ड्रायरच्या आवाजाला तो घाबरत असेल तर पंचा पुरेसा आहे.

गप्प म्हणजे शांत नव्हे

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. वास दिला, कुत्रा हलला नाही, म्हणून "बघा, काम झालं" असं आपण म्हणतो. पण ओठ चाटणं, सारखी जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, कान मागे, शेपूट पायात, अंग दगडासारखं कडक, ही भीतीची भाषा आहे. खरा शांत कुत्रा सैल असतो, खाऊ खातो, अंगावरून हात फिरवला तर टेकतो. आवडता खाऊही तो घेत नसेल, तर तिथेच थांबा.

आणि गुरगुरल्याबद्दल मारू नका. गुरगुर हा इशारा आहे. इशारा मार खाऊन बंद झाला, की पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. घरचा आहे, लस दिली आहे, म्हणून घरी बसू नका.

हे इतकं का सांगतेय? कारण घरात लहान मूल असताना कुत्रा नखं कापताना चावला, की घरातली मोठी माणसं एकच वाक्य बोलतात: "सोडून या त्याला." आणि मग पट्टा काढलेला, केस विंचरलेला एखादा शिह त्झू खाडीच्या कडेला भेदरून फिरताना दिसतो. तिथे तो चार दिवसही काढू शकत नाही. पाळलेल्या प्राण्याला उपाशी मरण्यासाठी सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधीची गोष्ट अशी, की तो कुत्रा वाईट नव्हता, घाबरलेला होता. आणि भीती कमी करता येते.

भीती फारच असेल, तर पशुवैद्यकांकडे जा. कधी कानात किंवा सांध्यात दुखत असतं आणि आपण स्वभावाला दोष देतो. गरज पडली तर ते औषधही देतात. माणसांच्या झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नका.

पार्लर निवडताना तीन प्रश्न विचारा. मी सोबत थांबू शकते का? कुत्रा घाबरला तर तुम्ही काय करता? शांत ठेवण्यासाठी काही औषध किंवा तेल देता का, आणि कुठलं? तिसऱ्या प्रश्नाला "काळजी नको, आम्ही बघतो" असं उत्तर आलं, तर तुम्ही दुसरीकडे बघा.

श्रावणात कानबाईच्या विसर्जनाचे बँड, मग गणपती, नवरात्र, दिवाळीचे फटाके. आपल्या सणांचा हंगाम कुत्र्यांसाठी परीक्षेचाच. आज बसवलेली वासाची खूण तेव्हाही कामी येईल, म्हणून सुरुवात आत्ताच करा. तुमच्या कुत्र्याने कोणाचा गंजी पसंत केला ते आम्हाला नक्की कळवा. आमचा पैज लावून अंदाज आहे, जो त्याला गुपचूप पोळी देतो त्याचाच असणार.