पुढाऱ्याच्या हाती झेंडा नको, पायाखाली पदपथ द्या



मॅरेथॉनच्या व्यासपीठावर राजकारणी कशाला, असा सूर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अलीकडे उमटतो आहे. शर्यत धावणाऱ्यांची, पुढारी येतात ते फोटोपुरते, तेव्हा त्यांना बोलावूच नये, असे या पत्रलेखकांचे म्हणणे. बरीच वर्षे चेन्नईत राहणारी आणि इथल्या लहानमोठ्या शर्यतींत हौसेने धावणारी वाचक म्हणून मला ते अर्धेच पटते. झेंडा दाखवायला पुढारी नकोच. शर्यत संपल्यावर मात्र तो हवा, आणि निदान अर्धा तास आपल्या तावडीत हवा.

आधी झेंड्याचे. चेन्नईची हवा इतकी दमट की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून इथली मोठी मॅरेथॉन जानेवारीत, ऐन मार्गळी या तमिळ महिन्याच्या थंडीत (तिला थंडी म्हणावे ते चेन्नईकरांनीच) असूनही पहाटे चारच्या सुमारास सुटते. ऊन चढू लागल्यावरचे प्रत्येक मिनिट पुढे पळणाऱ्या पोरांना जड जात नाही. ते जड जाते मागच्या गर्दीतल्या पन्नाशीच्या माणसाला, जो रक्तदाबाची गोळी घेऊन पहिल्यांदा दहा किलोमीटर पळायला आलेला असतो. पाहुण्यांचा उशीर त्याच्या अंगावर जातो. महाराष्ट्रातल्या एका शहरात मीही अशी ताटकळले आहे. वॉर्म-अप झाला, ध्वनिवर्धकावर स्वागत झाले, अंग पुन्हा निवले, पुन्हा वॉर्म-अप झाला, आणि मग गाड्यांचा ताफा आला. शर्यत ठरल्या वेळी सुटायलाच हवी. झेंडा पालिकेच्या सफाई कामगाराच्या हाती द्यावा. तो तिथे मध्यरात्रीपासून हजर असतो.

पण म्हणून राजकारणच हद्दपार करा, हे भाबडेपणाचे आहे. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली ती सुरेश कलमाडींच्या पुढाकाराने. वसई-विरारची आणि ठाण्याची शर्यत तर महापौरांच्या नावानेच ओळखली जायची. नाव कुणाचेही असो, रस्ता अडवतात पोलीस, परवानगी देते पालिका. धावणाऱ्यांचे गट ‘आम्ही बिगरराजकीय’ असे अभिमानाने सांगतात तेव्हा मला हसू येते. शहरातला हमरस्ता दोन-तीन तास मोकळा करून मिळणे याहून राजकीय गोष्ट ती कोणती? रोज त्याच रस्त्याने कामाला पायी जाणाऱ्या बाईला तो मिळत नाही. आपल्याला नोंदणी शुल्क भरून मिळतो.

चेन्नईत तर राजकारणी स्वतःच धावतात. मा. सुब्रमणियन (हे ‘मा.’ माननीयचे नव्हे, त्यांच्या नावाचेच आद्याक्षर) २००६ ते २०११ या काळात इथले महापौर होते आणि २०२१ मध्ये तमिळनाडूचे आरोग्यमंत्री झाले. २००४ च्या अपघातात पायाला जबर दुखापत, त्यात मधुमेह, आणि तरीही पन्नाशी उलटल्यावर हा गृहस्थ धावू लागला. शंभराहून अधिक अर्धमॅरेथॉन त्यांच्या नावावर आहेत. एकवीस किलोमीटर पळून घामाने थबथबलेल्या मंत्र्याला भेटणे आणि हार घातलेल्या मंत्र्याला भेटणे यांत फरक पडतो, हे मी नाकारत नाही. त्यांच्या कारकिर्दीत घरोघरी जाऊन रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे पोचवणारी ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ योजना सुरू झाली. २०२३ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत आठ किलोमीटरचे चालण्याचे मार्ग आखले गेले. चेन्नईतला बेझंट नगरच्या बाजूला आहे. करुणानिधींच्या स्मरणार्थ भरणाऱ्या मॅरेथॉनला त्याच वर्षी ६ ऑगस्टला ७३ हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली आणि गिनीज बुकात नोंद झाली. सुब्रमणियन यांच्याच पक्षाच्या या दिवंगत नेत्याच्या नावाची शर्यत हा पक्षप्रचार नव्हे असे कुणी म्हणू नये. तो आहेच. पण नोंदणीचा पैसा सरकारी रुग्णालयांच्या कामी गेला, हेही नोंदवायला हवे.

माझी तक्रार निराळीच आहे. मंत्री धावतो एवढ्याने शहर चालण्याजोगे होत नाही. चेन्नई महापालिकेने २०१४ मध्ये पायी चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. असे धोरण करणाऱ्या देशातल्या पहिल्या शहरांपैकी हे एक. वाहतुकीच्या अंदाजपत्रकातला निदान ६० टक्के पैसा पादचारी आणि सायकलींच्या सोयींवर खर्च करायचा आणि २०१८ पर्यंत ८० टक्के रस्त्यांना पदपथ द्यायचे, असे त्यात लिहिले होते. टी. नगरच्या पाँडी बाजारात पादचाऱ्यांसाठी रुंद, देखणा रस्ता झालाही. त्याच्या मागच्या गल्लीत शिरा. पदपथावर विजेची पेटी, पेटीला टेकलेल्या दुचाक्या, पुढे पावसाळी गटाराचे अर्धवट झाकण, आणि कडेचा दगड इतका उंच की आजीबाईंनी रस्त्यावरूनच चालणे पसंत करावे. इंडियन रोड्स काँग्रेसची मानके सांगतात की पदपथ निदान १.८ मीटर मोकळा हवा आणि त्याची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. मोजपट्टी घेऊन फिरलात तर अर्ध्या तासात मन विटेल. (इडलीवाल्या आजीला यात ओढू नका. तिला २०१४ च्या फेरीवाला कायद्याने हक्क दिला आहे, आणि जागा अडते ती बहुधा चारचाकीने.) मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळा पदपथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. मुंबई, पुणे, नागपूरलाही ते तितकेच लागू आहे.

आमच्या भागातल्या एका शर्यतीनंतर स्थानिक लोकप्रतिनिधी आले होते. नाव देत नाही, कारण माणूस सज्जन होता आणि मुद्दा त्यांचा नाही. पोंगल-कॉफी चालू होती. पदक गळ्यात घालून सगळे सेल्फीच्या रांगेत उभे राहिले. त्या रांगेत डॉक्टर होते, संगणक अभियंते होते, निवृत्त बँक अधिकारी होते. एरवी हीच मंडळी पदपथावरून तावातावाने बोलतात. मी पदपथाचा विषय काढला तेव्हा ‘आज नको हो, रविवार आहे,’ असे अडवणारा माझ्याच गटातला होता. लोकप्रतिनिधींनी ऐकून घेतले, सहायकाने लिहून घेतले, पुढे काही झाले नाही. दोष मी त्यांना देणार नाही. ज्याच्याकडे शंभर माणसे फोटो मागतात आणि एकच बाई पदपथ मागते, तो काय निष्कर्ष काढील?

म्हणून आयोजकांना माझी सूचना अशी. पाहुण्याला सुरुवातीला बोलावू नका, शेवटी बोलावा. निमंत्रणातच लिहा की रस्ता वाहनांना खुला झाल्यावर शर्यतीच्या मार्गातला एक किलोमीटर त्यांनी धावपटूंसोबत चालायचा आहे, रस्त्यावरून नव्हे, पदपथावरून. बरोबर प्रभागाचा अभियंता असावा. एखादी काठी टेकणारी व्यक्ती आणि एक बाबागाडीही असावी. जिथे पदपथावरून खाली उतरावे लागेल तिथे खडूने खूण करायची आणि खुणा किती झाल्या ते त्याच व्यासपीठावरून वाचून दाखवायचे. पुढच्या वर्षीच्या निमंत्रणपत्रिकेवर गेल्या वर्षीचा आकडा छापायचा. फोटो हवे तितके काढा, पण ते त्या खुणांपाशी.

‘अशाने पाहुणेच येणार नाहीत,’ असे आयोजक म्हणतील. काही येणार नाहीत, हे खरे. त्यांच्यावाचून शर्यत वेळेवर सुटेल. ‘परवानगी अडकवतील’ ही भीती मात्र खोटी नाही. लहान गटाला ती परवडत नाही. तेव्हा सुरुवात मोठ्यांनी करावी. दरवर्षी हजारो नोंदण्या आणि बड्या कंपन्यांचे प्रायोजकत्व मिळवणाऱ्या मुंबई-पुण्याच्या आयोजकांना कुणी सहजासहजी अडवत नाही.

आमच्या विभागातल्या पुढच्या शर्यतीसाठी हा प्रस्ताव मी लेखी दिला आहे. समितीतल्या दोघांना तो आगाऊपणा वाटला, तिघांना पटला. पाहुण्यांच्या कार्यालयाने ‘येतो’ असे कळवले आहे. पदपथाचा मजकूर निमंत्रणातून गाळावा का, यावर समितीत अजून वाद चालू आहे, आणि तो गाळू नये म्हणूनच हे पत्र.

आपली,
एक धावणारी वाचक
अड्यार, चेन्नई