जुनी स्पीडबोट घेताना
मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर जलक्रीडेचा व्यवसाय आरंभणारा तरुण जुनी स्पीडबोट पाहतो, तेव्हा त्याची दृष्टी प्रथम इंजिनाच्या अश्वशक्तीकडे वळते. भांडवल मर्यादित असता हा मोह महागात पडतो. इंजिन दुरुस्त होते, प्रसंगी बदलताही येते. परंतु फायबरच्या आवरणाआडचे लाकूड पाण्याने कुजले असल्यास दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो. म्हणून तळ आणि इंजिन पेलणारी मागची फळी हलक्या हातोडीने ठोकून पाहावी. बद्द आवाज हा धोक्याचा इशारा होय. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा, भर वेगात चाचणी घ्यावी, महाराष्ट्र सागरी मंडळाकडील नोंदणी व पूर्वीच्या कर्जाचा बोजा तपासावा.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद राहतात, कर्जाचा हप्ता मात्र बंद राहत नाही. यास्तव सर्व रक्कम खरेदीत न ओतता काही भाग सर्वेक्षकाची तपासणी व पहिली दुरुस्ती यांसाठी राखून ठेवणे हेच शहाणपणाचे. कमी अश्वशक्तीची, पण निकोप बोट पर्यटकांना सुखरूप परत आणते आणि हंगामभर कमावते. वेगवान, पण आतून कुजलेली बोट किनाऱ्यावर पडून केवळ व्याज वाढवते.