देवगिरीचे ‘तुरुष्क’ राग आणि आपला सोवळेपणा

(१) बारामतीहून इंदापूरला जाताना एका मित्राने मोटारीत ऊद ऐकवला. वादक उदी ह्रांत (१९०१–१९७८): अंध, आर्मेनियन, पण कीर्ती इस्तंबूलची. मागच्या आसनावरून तत्काळ शेरा आला, “हे परक्यांचे. आपले संगीत यांनीच बाटवले.” बेलवाडी मागे पडेपर्यंत मी गप्प होतो. उत्तर येथे देतो.

(२) ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने सिद्ध झाला. ग्रंथकर्ता शार्ङ्गदेव मूळच्या काश्मिरी घराण्यातला, दरबारात हिशेबाचा अधिकारी. त्याने नोंदवलेल्या रागांत ‘तुरुष्क तोडी’ आणि ‘तुरुष्क गौड’ आहेत. सिंघणाची कारकीर्द १२४७ च्या सुमारास संपली. अलाउद्दीन देवगिरीवर चालून आला १२९६ मध्ये. म्हणजे खिलजीचे घोडे येण्यापूर्वी जवळजवळ अर्धशतक तुर्कांचे नाव आपल्या रागमालिकेत बसलेले होते. येथे ‘तुरुष्क’ म्हणजे इस्तंबूलचे उस्मानी नव्हेत, हे खरे. परंतु संस्कृत शास्त्रग्रंथात ते नाव लिहिताना शार्ङ्गदेवाला विटाळ झाला नाही. तो आपल्याला होतो!

(३) “तंबोरा तर तुंबरू गंधर्वाचा!” असेही ऐकवले जाते. त्याच ग्रंथात वीणांची नावे पाहावीत : एकतंत्री, त्रितंत्री, चित्रा, विपंची, मत्तकोकिला, आलापिनी, किन्नरी. तंबोरा त्यांत नाही. ‘तंबूर’ हा शब्द मात्र फारसीत आहे, तुर्कीतही आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने आपल्या लाडक्या तंबुराचे नाव ‘मोतीखान’ ठेवले होते, आणि ‘किताब-ए-नौरस’मध्ये सरस्वतीला वंदन केले. (ज्या इंदापूर परगण्यात आपण हा वाद घालतो, तोही पुढे आदिलशाहीतच गेला.) सतारिया बोटात जी मिजराब घालतो, तिचेच नाव तुर्की उदवादक आपल्या लांब पातळ पट्टीला देतो : मिजराप.

(४) आता दुसऱ्या बाजूच्या भाबड्यांसाठी. “मकाम म्हणजेच राग, सूर सगळे एकच” हे म्हणणेही आळशीपणाचेच. तुर्की शास्त्र एका पूर्ण स्वराचे नऊ सूक्ष्म भाग मानते, सप्तकाचे त्रेपन्न. आपल्या बावीस श्रुतींची मांडणी निराळी. उदाला पडदे नाहीत, म्हणून ते बारीक अंतर बोट सरकवून नेमके गाठता येते. ‘तक्सीम’ ऐकताना आलापाची आठवण होते, पण पाठीमागे अखंड षड्ज नसतो. आपला गवई तंबोऱ्याविना तोंड उघडत नाही. तेथे तो आधार वादकाच्या स्मरणातच असतो. नाते आहे म्हणून दोघे जुळे ठरत नाहीत. मला तर उदात सर्वाधिक भावली ती ही निराधार शांतताच.

(५) मिरजेत तंबोरे घडवणारी घराणी शिकलगारांची. शस्त्रांना धार लावणारे हात भोपळ्याकडे वळले. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते, तेव्हा बेलवाडीच्या गोल रिंगणात वीणेकरी खांद्याशी वीणा धरून धावतात. मागच्या आसनावरील गृहस्थांनी यंदा त्यांतल्या एकाला थांबवावे आणि त्याच्या वाद्याच्या कुळाचा दाखला मागून पाहावा.