आधी दोर, मग डबे

शिकागोकडच्या मराठी मंडळींची डेव्हिल्स लेकची सहल ठरू लागली की पहिला प्रश्न असतो, ‘एकूण किती जण?’ दुसरा अर्थातच जेवणाचा. दोर कोणाचा आणि तो कड्यावर बांधणार कोण, हा विषय निघालाच तर बाराबू गाव जवळ आल्यावर. नुसत्या भटकंतीला हा क्रम चालून जातो. प्रस्तरारोहण करायचं असेल तर तो उलटा करायला हवा.

शहरातल्या क्लाइंबिंग जिममध्ये दोर छतापासून लोंबत असतो. हार्नेस घालायचा, गाठ मारायची, खालून दोर सांभाळणाऱ्याला, म्हणजे बिले देणाऱ्याला, हाक द्यायची की झालं. डेव्हिल्स लेक या विस्कॉन्सिनच्या उद्यानात तयार बोल्टांवर विसंबता येत नाही. खडकात मेखा ठोकायच्या नाहीत, हा इथल्या आरोहकांचा जुना दंडक आहे. त्यामुळे टॉप रोप, म्हणजे माथ्यावरून सोडलेला दोर, लावायचा तर कुणीतरी पायवाटेने माथ्यावर जायचं, झाड किंवा मोठा दगड शोधायचा, नाहीतर भेगेत नट (धातूच्या पाचरी) बसवायचे, एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन-तीन आधार जोडायचे, धारेवर दोर घासू नये म्हणून खाली कापड घालायचं आणि मग कॅराबिनर कड्याबाहेर सोडायचा. आधार अनेकदा धारेपासून बराच मागे सापडतो, म्हणून त्यासाठी न ताणणारा लांब स्टॅटिक दोर वेगळा लागतो. जिममध्ये वर्षभर घाम गाळलेल्या माणसाने यातलं काहीच केलेलं नसतं, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

‘आम्ही सह्याद्रीत वाढलोय’ हे उत्तर इथे अर्धंच लागू पडतं. सह्याद्रीचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. तिथे हात आधी दगड हलतोय का ते चाचपतो. बाराबूचा गुलाबी-जांभळा क्वार्टझाइट दीडशे कोटी वर्षांहून जुना आहे. वाळूचे कण दाबाखाली एकजीव होऊन तो घडला. खडक भक्कम, पण गुळगुळीत. जुलैच्या दमट दुपारी बोटं त्यावरून सटकतात आणि सोपी म्हणून निवडलेली चढाई तासभर छळते.

म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. पण तेव्हा पानांचे रंग बघायलाही गर्दी लोटते. तंबूची जागा अकरा महिने आधीपासून राखता येते, आणि ऐनवेळी जागे होणाऱ्यांना शनिवार-रविवारी ती मिळणं कठीण. इलिनॉयची पाटी असलेल्या गाडीला प्रवेशशुल्कही जास्त पडतं. चार गाड्यांऐवजी दोन न्याव्यात.

  

चढायला मोजकेच न्यावेत म्हटलं की, मराठी मंडळाची सहल म्हणजे सगळ्यांना न्यायलाच हवं, हा आक्षेप येणार. तर हिशेब मांडावा. चाळीस माणसं, दोन दोर, प्रत्येकाला वीस मिनिटं. एकेकदा चढून होईपर्यंत सहा तास चाळीस मिनिटं जातात, आणि बाकीचे कड्याखालच्या दगडांच्या राशीवर बसून ऊन खातात. लहान मुलांना तिथे सोडणं तर धोक्याचंच; वरून कधी दगड येईल सांगता येत नाही. त्यापेक्षा आठ जणांची तुकडी, सोबत अनुभवी वाटाड्या, त्याचे पैसे आधीच वर्गणीत धरलेले, आणि बाकीच्यांसाठी बॅलन्स्ड रॉकची वाट किंवा तळ्यातलं पोहणं, असा बेत खुशाल करावा. वाटाड्याचा खर्च माणशी वाटला की जड वाटतो खरा, पण दिवाळीच्या कार्यक्रमातल्या ध्वनिव्यवस्थेला पैसे देताना कुणी कुरकुरत नाही.

आठ जणांतल्या दोघांनी पहिली सकाळ चढू नये. त्यांनी वाटाड्यासोबत माथ्यावर जाऊन आधार कसा बांधतात ते पाहावं, स्वतः बांधावा, सोडवावा, पुन्हा बांधावा. दशम्या आणि चटणी तोवर खाली सावलीत राहू द्यावी.