लस घ्यावी की नाही? आधी तारीख बोला!

‘कोरोनाची लस चांगली की वाईट’ हा वाद आमच्या हॉस्टेलवर अजूनही रंगतो. माझ्या मते प्रश्नच अर्धवट आहे. कोणासाठी आणि कधी, हे आधी सांगा ना बॉस!

एप्रिल 2021 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या विंटन सेंटरने अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या (म्हणजे आपल्या कोव्हिशिल्डच्या) लसीचा एक तक्ता केला होता. मला तो जाम आवडतो. साथ कमी असताना, 20 ते 29 वयाच्या दर लाख लोकांत 16 आठवड्यांत लसीमुळे आयसीयू टळणारे 0.8 आणि रक्ताच्या गुठळ्यांसारखा गंभीर अपाय होणारे 1.1. म्हणजे आपल्या वयाला लस किंचित तोट्यातच! साठीतल्या लोकांना मात्र 14.1 विरुद्ध 0.2. आता गंमत बघा. साथ जोरात असली की आपल्याच वयाचा 0.8 चा आकडा 6.9 होतो. 1.1 तिथल्या तिथेच. लस तीच, माणूस तोच, फक्त बाहेरची परिस्थिती बदलली.

ब्रिटनमध्ये तेव्हा साथ ओसरत होती आणि हाताशी दुसऱ्या लसी होत्या. म्हणून 7 एप्रिल 2021 ला त्यांनी तिशीच्या आतल्यांना दुसरी लस घ्या असं सुचवलं. त्याच महिन्यात आपल्याकडे ऑक्सिजनसाठी रांगा लागल्या होत्या. तिकडची हेडलाइन वाचून इथे लस टाळणं म्हणजे पुण्याचा विंड लोड धरून ओडिशाच्या किनाऱ्यावर टॉवर उभा करणं. (सिव्हिलवाल्यांना कळेल!)

2024 मध्ये कंपनीने कोर्टात गुठळ्यांचं ‘कबूल’ केल्याची बातमी आली, तेव्हा माझी आजी डोसनंतर तीन वर्षांनी घाबरून बसली. अगं आजी, तो दुर्मिळ त्रास व्हायचा तर पहिल्या काही आठवड्यांतच होतो! मामा म्हणाला, "तेव्हा मागे लागून टोचली, आता कोणी विचारत नाही. फसवलंच ना!" मामा, नाही. डब्ल्यूएचओने 5 मे 2023 ला आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, तोवर बहुतेकांना लस, आजार किंवा दोन्ही मिळून गेलं होतं. फायद्याची बाजूच आटली. ब्रिटनने 2025 च्या शरद ऋतूत सरकारी डोस मुख्यतः 75 च्या पुढचे आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेले, एवढ्यांनाच ठेवला. याने 2021 चा निर्णय चुकीचा ठरत नाही.

मी जानेवारी 2022 मध्ये कोव्हॅक्सिन घेतली, 15 ते 18 वयासाठी सुरू झाल्या झाल्या. अर्धी स्वतःसाठी, अर्धी आजीसाठी, कारण घर एकच. आज विसाव्या वर्षी मी बूस्टर शोधत फिरणार नाही. आजीचं गणित वेगळं, ते तिने तिच्या डॉक्टरांशी बोलून करावं.

एक गोष्ट मात्र खटकते. मी डोस घेतला त्या सेंटरच्या भिंतीवर ‘घाबरू नका’ एवढंच लिहिलं होतं. वयाप्रमाणे दोन आकडे लिहायला किती जागा लागली असती हो?